अ‍ॅपवर आलेला जावई

माझ्या फोनमध्ये गाडी बोलवायचं अ‍ॅप आलं ते आमच्या जावयाच्या रुसण्यामुळे. लोक सोयीसाठी घेतात, आम्ही अब्रूसाठी घेतलं.

जावई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे मिस्टर. अकोल्याला जठारपेठेत राहतात, एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये सुपरवायझर आहेत. माणूस मनानं चांगला, पण राग नाकाच्या शेंड्यावर. राग माझ्याही नाकावरच असतो. पण मी शाळेत गणित शिकवते, मला तो शोभतो.

दोन वर्षांपूर्वी आई आणि मी, आम्ही दोघींनीच, अमरावतीत शेगाव नाक्याच्या मागे लहानसं घर बांधलं. वास्तूच्या दिवशी जावई अकोल्याहून स्वतःची कार घेऊन आले, आणि आईला काही ती कार नुसती उभी असलेली बघवेना. "जवाईबापू, मामी स्टँडवर उतरून राह्यली, तेवढी आना ना." मामी आणली. मग भटजी आणले. मग भटजींची घरी राहिलेली पिशवी आणली. शेवटी बडनेरा स्टेशनवरून आंब्याच्या पेट्यांसकट एक काका आणले, तोवर पंगत उठली होती आणि बुंदी संपली होती. जावयांनी बुंदीच्या रिकाम्या गंजात वाकून पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मी या घरचा जवाई आहो का ड्रायव्हर?"

झालं. बहिणीला गाडीत बसवलं आणि गेले. त्या दिवसापासून त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नाही. बहिणीला त्यांनी अडवलं होतं असंही नाही. "जायचं तं जाय," म्हणायचे. पण ज्या सुरात म्हणायचे त्या सुरात कोणती बाई पिशवी भरेल? तीही आली नाही. दोन दिवाळ्या आमच्या घरी पणत्या लावायला आम्ही दोघीच.

आईनं एवढंच फर्मान काढलं, "आता कोनाले गाडी मांगाची नाही. पैसे देऊन आना, पन उपकार नको." माझ्याजवळ स्कूटी होती, पण ती मी पहिल्याच आठवड्यात दूधवाल्याच्या सायकलीवर घातली होती. दूधवाला वाचला, दूध नाही वाचलं. तेव्हापासून अ‍ॅप.

आता पुण्या-मुंबईत अ‍ॅप कसं चालतं मला माहीत नाही. आमच्याकडे असं चालतं: आपण गाडी मागवायची, नकाशावर आपलं घर बरोबर निळ्या टिंबात दिसतं, गाडीही दिसते, आणि मग ड्रायव्हरचा फोन येतो, "मॅडम, कुठी यायचं?" आपण म्हणायचं, नकाशात दिसते ना. तो म्हणतो, "नकाशाचं सोडा जी, कोनाच्या घराजवळ ते सांगा." मग मी त्याला गिरणी सांगते, गिरणीपुढचा बंद बोअर सांगते, तिथं पांढरं कुत्रं बसलेलं असेल तर डावीकडे वळा सांगते. कुत्रं कधी उठून गेलं की माणूस थेट तपोवनाच्या फाट्यावर निघतो. गाडी आली की आईचा वेगळाच तमाशा. चार आकडी नंबर मी ड्रायव्हरला सांगायला लागले की ती माझ्या तोंडावर हात ठेवते. "बँकेतल्या साहेबानं सांगतलं होतं ना, नंबर कोनाले सांगाचा नाही म्हनून?" मग मी तो कागदावर लिहून, घडी करून देते. ड्रायव्हरला वाटतं चिठ्ठीच दिली की काय.

तर यंदा धोंड्याचा महिना आला, तोही भर उन्हाळ्यात. अधिक महिन्यात जावयाला जेवू घालायचं, पुरणाचे तेहतीस धोंडे तुपासोबत वाढायचे, दिवा द्यायचा, कपडे करायचे. महिनाभर आई फोन करत होती आणि जावई महिनाभर "पाहू" म्हणत होते. शेवटचा दिवस उजाडला. सकाळी सातला पाहते तर आई स्वयंपाकघरात पुरण वाटून राहिलेली.

"हे कोणासाठी?" मी विचारलं.

"जवायासाठी. ते येत नाहीत तं आपन जाऊ."

"आई, ते जेवणार नाहीत. दारातून वापस पाठवतील."

"पाठवू दे. पुढचा धोंडा तीन वर्सानं येते. तवा मी असन का नसन कोनाले मालूम? मले माही पोरगी माह्या घरी आलेली पाह्याची आहे."

यावर गणितात उत्तर नसतं. बहिणीला फोन केला. ती दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, यायचं तर दोनच्या आत या. यांची आज दुपारपाळी आहे, दोनला निघतात. गेले की रात्रीच येतील, आणि मग महिना संपला." शिवाय ऊन असं, की पुरण दुपारनंतर टिकणार नाही. म्हणजे एकीकडे जावई, दुसरीकडे चण्याची डाळ, दोन्ही आंबायच्या आत अकोला गाठायचं.

अकरा वाजता गाडी मागवली. कुत्रं नशिबानं जागेवर होतं. ड्रायव्हर तिशीतला, शांत, केस व्यवस्थित बसवलेले. डबा, निरांजन, टॉवेल-टोपी, शर्टपीस, पाण्याच्या बाटल्या आणि ऊन लागू नये म्हणून पदराला कांदा बांधलेली आई, असं सगळं गाडीत बसलं. मी घडी केलेला कागद दिला. त्यानं उघडून पाहिला, हसला नाही. मला तिथंच तो आवडला.

पण माझ्या आईला गाडीत गप्प बसणं म्हणजे शिक्षा. बडनेरा मागं पडायच्या आत तिनं सुरू केलं.

"काय रे बाबू, तू गाव कोनतं?"

"मी पातूरचा जी. आता बडनेऱ्यातच राह्यतो."

"लगन झालं?"

"झालं."

"सासुरवाडी कोनती?"

त्यानं उगाच आरसा नीट केला. "बार्शीटाकळीकडं."

बार्शीटाकळी म्हटल्यावर आई ताठ बसली, कारण तिचं माहेर तिकडचंच. मी मनातल्या मनात म्हटलं, संपलं. आता ही एक एक घर मोजणार. तिनं गाव विचारलं, त्यानं सांगितलं. आणि ते निघालं आईचंच गाव. तिनं अशी टाळी वाजवली की गाडी थोडी डावीकडं गेली.

"कोनाची पोरगी?"

"शाळेजवळच्या घरची. दारात लिंब आहे."

"अवं माय! तिचा बाप तं माह्या कडेवर खेळला! म्हंजे मी तुह्या बायकोची आत्या. म्हंजे तू आमच्या गावचा जवाई!" आणि त्याच क्षणी आईची भाषा बदलली. "म्हंजे तुमी आमचे जवाई! काय बाई मी, मघापासून अरेतुरे करून राह्यली."

गावची लेक ती सगळ्या गावाची लेक, आणि तिचा नवरा सगळ्या गावाचा जावई, हे आमच्याकडे कोणी शिकवावं लागत नाही. पण ड्रायव्हर आरशातून आईकडे न बघता म्हणाला, "नाही आत्याबाई. मी कोनाचा जवाई नाही. आमी आपल्या मनानं लगन केलं. तीन वर्सं झाली. त्या घरचं पानी नाही पेलो अजून, अन् तिलेबी त्यायनं उंबऱ्यात येऊ देल्लं नाही."

आई गप्प झाली. माझी आई गप्प झाली की मला भीती वाटते.

मूर्तिजापूरच्या अलीकडे कडुलिंबाची सावली दिसली तशी ती म्हणाली, "गाडी थांबवा."

"आई, काय करतेस?"

"धोंड्याच्या महिन्याचा शेवटचा दिवस आहे, बारा वाजून राह्यले, अन् गावचा जवाई माह्यासमोर उपाशी बसला. मी काय दगड आहो का?"

"अगं पण ते धोंडे आपल्या जावयाचे आहेत!"

"हे कोनाचे जवाई आहेत मंग?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आईनं गाडीच्या बोनेटवर टॉवेल अंथरला, चटका बसला म्हणून उचलला, आणि सावलीतल्या दगडावर अंथरला. निरांजन काढलं. वाऱ्यात ते पेटेना, तेव्हा मला ओढणीचा आडोसा धरून उभं केलं. राष्ट्रीय महामार्गावर ट्रक जाऊन राहिले आहेत, आणि मी, दहावीच्या वर्गाला थरथर कापवणारी बाई, ओढणी पसरून एका ड्रायव्हरचं औक्षण करायला मदत करते आहे! आईनं त्याच्या कपाळी कुंकू लावलं, टोपी घातली, टॉवेल खांद्यावर दिला आणि तूप घालून धोंडे वाढले. जावयाला एक धोंडा वाढत नसतात. दोनही वाढत नसतात. तो "पुरे जी, पुरे जी" म्हणत गेला आणि ही वाढत गेली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अ‍ॅपची पाटी आली होती: गाडी बराच वेळ थांबलेली दिसते, सर्व ठीक आहे ना? खाली दोन बटणं, एक "ठीक आहे", दुसरं "मदत हवी". मी खरंच दुसरं दाबणार होते.

"काय म्हनते ते?" आईनं विचारलं.

"विचारतंय, तुम्ही सुरक्षित आहात का."

"लिहून टाक, जेवन चालू आहे."

पाठोपाठ बहिणीचा फोन. "ताई, कुठं आहात? यांनी आंघोळ केली. आता कपडे घालतील." मी ओरडले, "आई, चल! तुझा खरा जावई निघाला!" पण आईनं नवीन पेच टाकला. जावयाला गाडी चालवायला लावणं तिला पटेना. एकदा ते करून घर मोडलं होतं. ती ड्रायव्हरला म्हणाली, "तुमी मांगं बसा आरामात. आमची पोरगी चालवन."

ड्रायव्हरनंच हात जोडले. "आत्याबाई, पाया पडतो तुमच्या. मले गाडी चालवू द्या, ताईचं तोंड पाहूनच मले भेव लागून राह्यलं." शेवटी आई कबूल झाली, पण एका अटीवर: सामानाला त्यानं हात लावायचा नाही. मूर्तिजापूरच्या पुढं त्यानं टोपीसकट अशी गाडी मारली की आईचा कांदा पदरातून सुटून माझ्या पायाशी आला.

आम्ही जठारपेठेत पोचलो तेव्हा दोनला पाच कमी होते. जावई गॅलरीत उभे, बुटाची लेस बांधत. त्यांनी वरून काय पाहिलं ते आता मला हसू येतं म्हणून सांगते. त्यांनी पाहिलं की सासूबाई स्वतः खाली उतरल्या, फिरून पुढं आल्या, ड्रायव्हरचं दार उघडून धरलं, आणि आतून टोपी घातलेला, कुंकू लावलेला, खांद्यावर टॉवेल टाकलेला एक माणूस लाजत लाजत बाहेर आला. आणि सासूबाई डबा स्वतः उचलून त्याला म्हणून राहिल्या आहेत, "चाला ना जवाईबापू, वर चाला, पानी घ्या."

आम्ही वर गेलो तेव्हा जावई दारातच होते. दोन वर्षांत पहिल्यांदा समोरासमोर. नमस्कार नाही, काही नाही.

"हा कोन?"

"माह्या माहेरचे जवाई," आई म्हणाली.

"हा तं टॅक्सीचा ड्रायव्हर आहे. खाली पिवळी पाटी आहे गाडीले."

"हाव. ड्रायव्हरबी आहेत."

जावयांची नजर टोपीवर गेली, टॉवेलवर गेली, मग आईच्या हातातल्या डब्यावर. आईला खोटं बोलता येत नाही, तिनं विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "तेहतीस होते. सात यायनं खाल्ले. रस्त्यात भुकेले होते, मले राह्यवलं नाही."

"सात!" जावई ओरडले. "माह्यातले सात! वा रे वा! मले ड्रायव्हर केलं, अन् ड्रायव्हरले जवाई!"

ड्रायव्हर मागच्या मागं जिना उतरायला लागला. मी त्याचा टॉवेल धरला. आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली माझी बहीण फसकन हसली. तोंडावर हात ठेवून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. जावई तिच्याकडे बघतच राहिले. मला वाटतं ती दोन वर्षांत तशी हसली नसावी. कारण त्यांचा चेहरा एकदम वेगळा झाला.

आई म्हणाली, "चुकलं माहं, बापू. पोरगा नाही मले. घरात कोनी गाडी घेऊन आलं तं मले वाटलं माहाच पोरगा आला. म्हनून सांगत गेली. नोकर समजून नाही सांगतलं."

जावई बूट काढत खाली बघून म्हणाले, "मंग बुंदी तरी ठेवाची होती."

"हाव. ते तं लयच चुकलं."

दोन पाट मांडले. दोन्ही जावई शेजारी शेजारी बसले. आमच्या जावयांनी धोंडा फोडून आतलं पुरण बोटानं दाबून पाहिलं, दालमिलचा माणूस, सवयच ती. "दाल कोनत्या दुकानातली?" म्हणाले. ड्रायव्हर धीर करून म्हणाला, "भाऊ, दाल भल्ली मऊ शिजली आहे." "तुले काय विचारलं? तुहे सात झाले." आणि मग, त्याचे सात तर माझे आठ, म्हणून ते खातच सुटले. सहाव्याला घाम आला. सातव्याला मिलमध्ये फोन करून, तोंडात घास ठेवून सांगितलं की प्रकृती बरी नाही. आठव्यानंतर ते अगदी खरं झालं होतं.

मग ड्रायव्हरचा फोन वाजला. त्याची बायको. इतका वेळ कुठं आहात विचारत होती. त्याचे हात तुपाचे, म्हणून त्यानं स्पीकरवर घेतला आणि सांगितलं, "तुह्या गावच्या आत्याबाईनं मले जेऊ घातलं. धोंडे."

आईनं फोनजवळ तोंड नेलं. "पोरी, मी बोलून राह्यली. तुह्या घराच्या बाजूच्या घरातली. तू मले पाह्यलं नसन, मी तुह्या जन्माआधीच लगन होऊन आली."

मग बारीक आवाजात ती म्हणाली, "आत्या, तुमी गावाले जाता का?"

"लय वर्सं नाही गेली, पन या दिवाळीले जातो."

"आमच्या आईले सांगजा, मी बरी आहो."

एवढंच. फोन बंद झाला. ड्रायव्हर ताटात बोट फिरवत राहिला. आई पदर शोधत होती. माझी बहीण उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आतून नळाचा आवाज आला, पण भांड्यांचा नाही आला.

जावयांनी त्या दाराकडे पाहिलं. मग उठले, स्टुलावर चढले, माळ्यावरून तिची निळी बॅग काढली, झटकली आणि स्वयंपाकघराच्या दारात नेऊन ठेवली.

"भर."

"कुठं जायला?" ती आतून म्हणाली.

"आईसंग जाय. आठ दिवस राह्य. पंधरा राह्य." आणि मग, कोणाला ऐकू जाऊ नये असं, पण आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं, "मी रविवारी येतो घ्यायले. कार नाही आनत मी. एसटीनं येतो."

वापसीची गाडी आपणच मागवणार म्हणून ते हटून बसले, सासूबाईंना जावयाच्या फोनवरून गाडी पाहिजे. अ‍ॅपवर शोधत बसले तर ते बाळापूरची कोणतीतरी गाडी दाखवायला लागलं, अजून तासभर लागेल म्हणे. आणि आमची गाडी घराखाली उभी, तिचा मालक शेजारी बसून बडीशेप खात होता. "भाऊ, ठेवा तो फोन," तो म्हणाला, "मले तिकडंच जायचं आहे." बॅग खाली नेताना दोन जावयांची ओढाताण झाली. आमच्याच जावयांनी डिकी उघडली.

परतीच्या रस्त्यावर बहीण मागं आईशेजारी बसली, मी पुढं. अकोला सुटलं, बोरगाव मंजू सुटलं, ती खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, लहानपणी शाळेतून आल्यावर दप्तर टाकता टाकता म्हणायची तशी, "आई, रात्री काय करशील जेवायला?"

सकाळपासून जिच्या तोंडाचा पट्टा थांबला नव्हता त्या माझ्या आईनं नुसता बहिणीचा हात धरला आणि दाबत राहिली. मला रडू आलं, लपवत नाही. ड्रायव्हरनं समोरच बघत गाडीचा वेग कमी केला, आणि मी मागं न वळता म्हटलं, "तू म्हणशील ते."